खुलासा: ‘थकव्याचा आजार मनाचा, व्यायामाने बरा होतो’ हे खरं नाही

क्रॉनिक फटीग सिंड्रोम (दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र थकव्याचा आजार) हा मनाचाच आजार, समुपदेशन आणि वाढत्या व्यायामाने तो बरा होतो हे ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय, असा संदेश फिरतो आहे. त्याचा आधार म्हणजे ६४१ रुग्णांवरची ‘पेस’ चाचणी, २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेली. २०१३ मध्ये तिच्या संशोधकांनी या दोन्ही उपचारांनी सुमारे २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचं मांडलं.

मात्र ‘बरं होणं’ याची आधी ठरवलेली व्याख्या त्यांनी नंतर सैल केली होती. चाचणीत प्रवेशासाठी शारीरिक क्षमतेचे गुण (जास्त गुण म्हणजे जास्त क्षमता) ६५ किंवा कमी हवे होते, आणि बरं ठरायला याच मोजणीत ६० पुरेसे! म्हणजे थोडा खालावलेला रुग्णही या निकषावर उत्तीर्ण. एका रुग्णाच्या अर्जावर २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या न्यायाधिकरणाने चाचणीचा विदा (मूळ आकडेवारी) खुला करायला लावला. न्यूझीलंडच्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन विल्शायर आणि सहकाऱ्यांनी त्याला मूळ निकष लावले, तेव्हा बरे झालेल्यांचं प्रमाण समुपदेशनात ७ आणि व्यायामात ४ टक्क्यांवर आलं. नुसत्या वैद्यकीय देखरेखीत ते ३ होतं.

२०२१ पासून ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ‘नाइस’ संस्था ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेलेला व्यायाम देऊ नका असंच सांगते. समुपदेशन आजार सोसायला आधार देऊ शकतं, तो बरा करत नाही. या रुग्णांना श्रमानंतर त्रास वाढतो, कधी दुसऱ्या दिवशी. त्यांना ‘उठ, जरा चाल’ म्हणून ढकलू नका.