‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणजे १९९९ नव्हे
कोचीच्या मट्टांचेरी भागातल्या कोकणी, गुजराती, कच्छी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आताच ध्वनिमुद्रित करा, असं एका लेखात म्हटलंय, ते अगदी खरं. पण सालं जपून लिहा. तिथे ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणतात तो केरळच्या कोल्लम कालगणनेतल्या वर्ष १०९९ चा, म्हणजे १९२४ चा. उतरवून घेणारा सहज १९९९ लिहितो आणि अख्खं घराणं ७५ वर्षं उशिरा कोचीत येतं! म्हणून नुसतं साल विचारू नका. पुराआधी की नंतर, १९५६ साली केरळ राज्य झालं तेव्हा तुम्ही कितवीत, असं विचारा. कोकणीत मध्येच मल्याळम शब्द आला तर तसाच उतरवा. तासाभराची मुलाखत उतरवायला ६-८ तास धरा. आणि ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवा, ती घरघर नंतर नीट निघत नाही.