रेकॉर्डिंग बंद करू नका

कोथरूडच्या आमच्या जुन्या साहित्यकट्ट्याने यंदापासून व्याख्यानांचं रेकॉर्डिंग बंद करायचं ठरवलंय. लोक घरबसल्या ऐकतात, खुर्च्या रिकाम्या राहतात, हे कारण. इथवर मला कळतं. पण एका ज्येष्ठ सभासदांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे लिहिलं की रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकून कोणाला काही सुचत नसतं, लेखकाने माणसांत बसावं. खाली अंगठ्यांची रांग लागली. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतेय.

माणसांत बसावं! टिळक स्मारक मंदिर ज्यांना रिक्षाने गाठता येतं, त्यांना हे सांगायला काय जातं? न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या गावात आजही भरते, तिथे व्याख्यान हे आंब्यासारखं असतं, उन्हाळा आला की येणारच. मी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या सेल गावी राहते. कामाला मँचेस्टरला जाते, आणि माझं ऐकणं होतं ते ट्राममध्ये.

2017 साली बीबीसीची रीथ व्याख्यानं, म्हणजे रेडिओवरची त्यांची व्याख्यानमाला, इंग्रज कादंबरीकार हिलरी मँटेल यांनी दिली होती, ऐतिहासिक कादंबरी या विषयावर. मी ती फार उशिरा ऐकली, रेकॉर्डिंग होतं म्हणूनच. त्यांचं म्हणणं असं की इतिहास म्हणजे भूतकाळ नव्हे. भूतकाळाबद्दलचं आपलं अज्ञान नीट लावून ठेवायची ती एक रीत आहे. स्ट्रेटफर्डचा थांबा आला तेव्हा मी ते थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. सभागृहात असते तर मान डोलावली असती आणि पुढचं वाक्य आलं असतं. ट्राममध्ये मला आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचा जिना दिसायला लागला. 12 जुलै 1961, पानशेतचा पूर. पाणी कितव्या पायरीवर कधी आलं, हे आजी तोंडपाठ सांगायची. कपाटातलं काय वाहून गेलं, तेही. पण त्या दिवशी आजोबा कुठे होते, हे तिने कधीच सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही. इतकी वर्षं पुराची गोष्ट लिहायची म्हणून मी धरणाच्या, पाण्याच्या नोंदी गोळा करत होते. गोष्ट आजीच्या त्या गप्प बसण्यात होती. कॉर्नब्रुक यायच्या आत पहिला परिच्छेद फोनवर लिहून झाला. आता सांगा, सुचत नसतं?

मँटेल 2022 साली गेल्या. आवाज राहिला. रीथ व्याख्यानं 1948 साली बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झाली, आणि जुन्यांतली कितीतरी आज कोणालाही फुकट ऐकता येतात. इथे हे कोणी उपकार म्हणून करत नाही, बोललेलं जपायचं असतं एवढं साधं त्यांना कळतं. आपल्याकडे माणूस तासभर जीव ओतून बोलतो, त्याला शाल-श्रीफळ मिळतं, आणि बोललेलं तिथेच विरतं. याचा मला राग येतो.

आणि पेटीतून आलेल्या आवाजाचं पुण्याला वावडं कधीपासून? 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालायचे. व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम करत होते. ते, शंकर पाटील आणि मिरासदार यांचं कथाकथन ऐकायला गावोगावी गर्दी व्हायची, आणि मिरासदारांच्या कॅसेट माझ्या मामाकडे झिजेपर्यंत वाजल्या. मराठी कथा कानाने ऐकावी, हे मला इंग्रजांनी शिकवलेलं नाही.

खरं सांगायचं तर मँटेल ऐकायला मला कट्ट्याची गरज नाही. कट्ट्याची रेकॉर्डिंगं मी वेगळ्या कारणासाठी ऐकते. मध्यंतरी एका संपादकांनी माझी कथा परत केली. त्यांनी कळवलं की तुमची कॉलेजातली मुलं आता असं बोलत नाहीत. बरोबर होतं. माझी पात्रं मी पुणं सोडलं त्या वर्षीच्या भाषेत अडकलीत. तेव्हापासून मी वक्त्याइतकंच शेवटची प्रश्नोत्तरं कान देऊन ऐकते. मागच्या रांगेतली मुलगी माइक हातात घेऊन आधी ‘म्हणजे बेसिकली’ म्हणते, मग अडखळते, मग एकदम शुद्ध मराठीत नेमका प्रश्न विचारते. ती मुलगी मला माझ्या कादंबरीत हवी आहे. पुस्तकातून ती मला मिळणार नाही, आणि सेलमध्ये तर नाहीच. इथे माझ्याशी मराठीत बोलतो तो फक्त माझा नवरा, आणि तोही माझ्याच वर्षी निघालेला.

ग्रुपवर हे लिहिल्यावर उत्तर आलं की परदेशातल्या सभासदांनी इथल्या अडचणींवर मत देऊ नये. मी वर्गणी भरते. मराठीत लिहिते, मराठीतच नाकारली जाते आणि पुन्हा मराठीतच पाठवते. हे परदेशातलं कसं?

खुर्च्यांची काळजी रास्त आहे. मग रेकॉर्डिंग महिनाभर उशिरा टाका. ऐकणाऱ्यांकडून पैसे घ्या, मी आधी भरेन. चांगल्या माइकचा खर्चही मी देते, पुढच्या बैठकीत तसा ठराव मांडावा असं मी चिटणिसांना कळवलं आहे. फक्त प्रश्नोत्तरं कापू नका.