पाव इंचाचा बांध

गेल्या शनिवारी दुपारी माझी दहा सैनिकांची तुकडी पाव इंच कमी पडल्यामुळे कापली गेली. तो पाव इंच शत्रूने शोधून काढला असता, तर मी खिलाडूवृत्तीने हसून पुढच्या डावाला लागलो असतो; परंतु तो माझ्या सासऱ्यांनी शोधून काढला, आणि तोही शत्रूने मागितला नसताना.

खेळ कोणता, ते थोडक्यात सांगतो. मी नॉटिंगहॅमला राहतो. या गावाचे नाव काढले की आपल्याकडच्या माणसाला रॉबिन हूड आठवतो. पण जगभर विखुरलेल्या एका विशिष्ट संप्रदायाच्या लेखी हे पंढरपूर आहे, कारण ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा टेबलावर लहान सैनिक लढवण्याचा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचे मुख्यालय इथल्या लेंटन भागात आहे आणि तिथे चिलखत घातलेल्या अवकाशसैनिकाचा भलामोठा पुतळा उभा आहे. या परिसरात लहान सैनिक बनवणारे इतके कारखानदार आहेत की छंदवाले याला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा, असे म्हणतात. आता शिसे गेले आणि प्लास्टिक आले, नाव मात्र राहिले. सहा वर्षे त्या पुतळ्यावरून नुसते ये-जा केल्यावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी एक खोके विकत घेतले.

खोक्यावर रंगीत, दिमाखदार फौज दिसते आणि खोक्यातून करड्या प्लास्टिकच्या चौकटी निघतात, ज्यांत कुणाचा हात, कुणाचे मुंडके आणि कुणाची बंदूक वेगवेगळ्या ठिकाणी अडकवलेली असते. डिंक वेगळा घ्यायचा, कटर वेगळा, कुंचले वेगळे, आणि रंगाची बाटली १२ मिलिलिटरची, म्हणजे आपल्याकडे खोकल्याच्या औषधाचे झाकण दोनदा भरेल एवढी. त्याआधी स्प्रेने अस्तर मारायचे असते. ते घरात मारायला घरमालकीण परवानगी देत नाही आणि बाहेर मारायला इंग्लंडची हवा परवानगी देत नाही, कारण दमट हवेत अस्तर रवाळ बसते आणि सैनिकांना गोवर आल्यासारखे दिसते. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला वेगळा, मुरलेला कारागीर का बसवतात, हे मला पहिल्या मुंडक्यानंतर कळले. दुसऱ्या मुंडक्यापासून मी सगळ्यांना शिरस्त्राणे चिकटवली.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर गवळण बुरुजापेक्षा उंच असायची, वाघ आणि तोफ एकाच मापाचे असायचे, आणि त्यावरून कधी कुणी भांडल्याचे मला आठवत नाही. या खेळात मात्र सगळे मापावर चालते. सैनिक ज्या गोल बैठकीवर उभा असतो तिचा व्यास ३२ मिलिमीटर, त्याची चाल ६ इंच, बंदुकीचा पल्ला २४ इंच. हे नियम पाठ व्हावेत तोवर नवी आवृत्ती येते: २०१७ साली आठवी आली, २०२० साली नववी, २०२३ साली दहावी. जुनी पुस्तके रद्दीत. ज्या गृहस्थाने दोन आवृत्त्यांची जाडजूड पुस्तके पैसे मोजून घेतली असतील, त्याच्या मनाचा विचार कोण करतो, हा प्रश्न मी इथे केवळ नोंदवून ठेवतो.

आता सासऱ्यांविषयी. त्यांना मी मामा म्हणतो. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात ३४ वर्षे भूकरमापक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत आणि सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले आहेत. शनिवारी ‘जरा पाय मोकळे होतील’ म्हणून बायकोने त्यांना माझ्याबरोबर धाडले. आमचा क्लब एका चर्चच्या सभागृहात भरतो. गाडीत मी त्यांना खेळाची पार्श्वभूमी समजावून सांगितली: हा खेळ रिक प्रीस्टली यांनी रचला आणि १९८७ साली तो बाजारात आला, काळ चाळीस हजार वर्षांनंतरचा, मानवजातीचा सम्राट दहा हजार वर्षे सोन्याच्या सिंहासनावर बसून आहे, ना धड जिवंत, ना धड मेलेला, आणि त्याच्या नावाने अखंड युद्ध चालू आहे.

मामा थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “वारस नोंद झालेली नाही वाटतं. मुलं किती?”

“वीस. पण त्यातल्या दोघांची नावं दप्तरातून कायमची खोडून टाकली आहेत. उरलेल्यांपैकी नऊ बापावर उलटले.”

“मग वाटपाचा दावा आहे हा,” मामा म्हणाले, आणि त्या विश्वाबद्दल त्यांनी पुन्हा काही विचारले नाही. वीस वर्षे त्या कथानकाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांनाही इतका सुटसुटीत सारांश करता आलेला मी पाहिलेला नाही.

माझ्यासमोर त्या दिवशी चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची ऑर्कांची, म्हणजे त्या विश्वातल्या हिरव्या राक्षसांची, फौज अशी देखणी रंगवलेली होती, की माझे काळ्या अस्तरातले सैनिक तिच्यापुढे मयताला आल्यासारखे वाटत होते. मुलगा अतिशय सभ्य. माझा माणूस मारताना तो दर वेळी ‘सॉरी’ म्हणे. मामा कागदी पेल्यातला चहा घेऊन भिंतीकडेच्या खुर्चीत बसले होते आणि तासभर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते.

तिसऱ्या फेरीत मी चढाई जाहीर केली. नियम असा आहे की दोन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल तितके इंच पुढे सरकायचे. शत्रूच्या एका इंचाच्या आत पोहोचलात तर चढाई लागली, नाही तर अख्खी तुकडी होती तिथेच उभी राहते. मी टेप लावला, मधले अंतर आठ इंच भरले, म्हणजे सात पुरेसे होते. छत्तीसपैकी एकवीस वेळा सात किंवा त्याहून जास्त पडते, हे मी आदल्या रात्री पाठ केले होते. फासे टाकले. चार आणि तीन. मी सैनिक उचलायला हात पुढे केला.

“थांबा,” मागून आवाज आला.

मामांनी पेला खिडकीत ठेवला, खिशातून चष्मा काढला, तो सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि टेबलाशी येऊन उभे राहिले. “टेपचं शून्य कुठं धरलं होतं?”

“इथं.”

“हे काय आहे?”

“तलवार.”

“कुणाची?”

“तुकडीच्या नायकाची.”

“आणि नायक उभा कुठं आहे?”

मी गप्प बसलो. नायक अर्थातच बैठकीवर उभा होता आणि त्याची उगारलेली तलवार बैठकीच्या कडेबाहेर आली होती. अंतर बैठकीपासून बैठकीपर्यंत मोजायचे, हा नियम मला ठाऊक होता. तलवारीचे टोक फक्त जरा हाताशी होते.

“म्हणजे माणूस उभा राहणार आपल्या ओट्यावर, हात काढणार रस्त्यावर, आणि मोजणी धरायची बोटाच्या टोकापासून?” मामांचा आवाज चढलेला नव्हता; तो कार्यालयीन झाला होता. “असं चाललं असतं, तर आमच्या तालुक्यात प्रत्येकानं हात पसरून दोन-दोन गुंठे वाढवले असते.”

मुलाने मला विचारले की हे आजोबा काय म्हणत आहेत. मी सांगितले की त्यांना तलवार आवडली.

“पूर्ण सांगा,” मामा म्हणाले. त्यांना इंग्रजी उत्तम समजते. निकाल तेवढा ते मराठीत देतात. “जबाब अर्धा नोंदवत नाहीत.”

तेव्हा माझ्याच विरुद्धचा निकाल मी माझ्याच तोंडाने, चौदा वर्षांच्या मुलाला, इंग्रजीत समजावून सांगितला. मामांनी टेपचे एक टोक त्या मुलाच्या हाती दिले, कारण मोजणीला लगतच्या कब्जेदाराला बोलवावे लागते. झोळ पडू नये म्हणून टेप ताणून धरायला लावला. मग वाकून एक डोळा मिटला आणि मला म्हणाले, “वाचा.”

“आठ.”

“आठ आणि?”

“आणि पाव.”

“मोठ्यानं.”

शेजारच्या दोन टेबलांवरचे खेळ थांबले होते.

“मामा, खेळ आहे हा.”

“खेळ तुमचा. मोजणी माझी. जावईबापू, पाव इंचाला तुम्ही हसता. पण लोकांनी त्याच्यापायी तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. हे सरळसरळ बांध कोरणं आहे.”

बांध कोरणे याला इंग्रजीत काय म्हणावे, या विचारात मी असतानाच मामांनी स्वतः मुलाकडे वळून ‘एन्क्रोचमेंट’ असा एकच शब्द उच्चारला, आणि मुलाने गंभीरपणे मान हलवली. त्यानंतर जे घडले ते मला सर्वांत जास्त लागले. मुलगा म्हणाला की पाव इंचाचे काही एवढे नाही, काकांची चढाई लागली असे धरू या. शत्रू क्षमा करायला तयार होता! मामा नाही म्हणाले. तडजोड दोन पक्षांनी कोर्टाबाहेर खुशाल करावी, पण मोजणी तडजोडीने होत नसते, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि तेसुद्धा मलाच भाषांतरित करावे लागले.

माझी तुकडी उघड्या माळावर उभी राहिली. पुढच्या डावात मुलाने ऑर्कांची ‘वाऽऽघ’ ही रणगर्जना पुकारली. ती ओरडून करण्याची प्रथा आहे, पण चर्चमध्ये असल्यामुळे त्याने ती हलक्या आवाजात केली. माझ्या दहाही माणसांना ‘सॉरी’ म्हणून टेबलावरून उचलून खोक्यात ठेवण्यात आले.

घरी आल्यावर मी या खेळांच्या इतिहासात काही दिलासा मिळतो का, ते शोधले. मिळाला नाही. प्रशियाचा अधिकारी राइसविट्झ याने १८२४ साली सैन्याच्या प्रशिक्षणासाठी युद्धखेळाचे जे नियम छापले, त्यात नकाशा १:८००० या प्रमाणाचा होता आणि सगळा खेळ एका पंचाच्या हाती होता. म्हणजे ज्या खेळापासून हे सारे सुरू झाले, त्यात मामांची जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेली होती. एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने १९१३ साली घरातल्या जमिनीवर खेळायच्या लढाईचे पुस्तक काढले, तेव्हा त्याने खेळण्यातल्या तोफेतून लाकडाची गोळी खरोखर शिशाच्या सैनिकांवर झाडण्याची पद्धत ठेवली: सैनिक पडला तर मेला, उभा राहिला तर वाचला. इतकी निकोप व्यवस्था हाताशी असताना पुढच्या लोकांना टेप लावण्याची दुर्बुद्धी का झाली असावी?

क्लबात त्या दिवशी पुढे काय झाले तेही सांगतो. तासाभरात मामा तीन टेबलांवर फिरत होते. एक दाढीवाले गृहस्थ त्यांना अदबीने हाताला धरून पडक्या मनोऱ्याआडचा रणगाडा दिसतो की नाही हे ठरवायला घेऊन गेले. मामांसाठी बिस्किटे आली. मला इतक्या महिन्यांत कुणी बिस्किट विचारलेले नाही. बैठका मिलिमीटरमध्ये आणि चाल इंचांत असे दुहेरी माप कळल्यावर मामांना तर भरूनच आले. “आमच्याकडं तेच,” ते म्हणाले, “सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि माणूस बोलतो गुंठ्यात.” हेही भाषांतर मीच केले. निघताना सगळ्यांनी पुढच्या शनिवारी नक्की या म्हणून आग्रह केला, आणि तो आग्रह करताना सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

शेवटचा निकाल ५८ विरुद्ध ५२ असा लागला. फौज संपूर्ण रंगवलेली असली तर दहा गुण अधिक मिळतात. ते मुलाला मिळाले, मला नाही. म्हणजे काटेकोर हिशेब केला तर मी रंगामुळे हरलो, पाव इंचामुळे नव्हे, असे बायकोचे म्हणणे आहे. तिचे शिक्षण वाणिज्य शाखेतले आहे आणि शेवटी ती त्यांचीच मुलगी आहे.

रविवारी सकाळी उठून पाहतो तर फ्रिजवर चुंबकाखाली आलेखाचा कागद. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, माझी तुकडी, ऑर्कांची तुकडी, पडका मनोरा; मी दाखवलेली हद्द तुटक रेषेने आणि मोजणीची हद्द अखंड रेषेने. खाली सह्यांचे रकाने. मुलाची सही मामांनी सभागृहातच एका चिठ्ठीवर घेऊन ठेवली होती, ती तिथे नीट कापून चिकटवलेली आहे. माझ्या नावापुढची जागा तीन दिवस रिकामी होती. काल तिथे वळणदार अक्षरांत शेरा पडला: ‘खातेदार समक्ष हजर. सही करण्यास नकार.’