चुंबकाचा आग्रह

संगणकावर ध्वनी किंवा चित्रफीत संपादित करण्याच्या बहुतेक प्रणालींत नालाच्या आकाराच्या चुंबकाचे एक छोटे चित्र असते, आणि ते चालू असले की आपण सरकवत असलेला तुकडा शेजारच्या तुकड्याच्या कडेला, एखाद्या खुणेला किंवा टाइमलाइनवर, म्हणजे सगळे तुकडे ओळीने मांडलेल्या काळाच्या पट्टीवर, आखलेल्या उभ्या रेषेला आपोआप जाऊन चिकटतो. दोन तुकड्यांच्या मध्ये एखादी काळी फ्रेम चुकून राहू नये, हा त्यामागचा हेतू निर्विवाद चांगला आहे. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो; पानावर आडवा हात धरला तरी ती पडते, एवढीच तक्रार.

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाचा आषाढी एकादशीचा दीड तासाचा कार्यक्रम तीन मोबाइलवर आणि एका रेकॉर्डरवर मुद्रित झाला, आणि तो ‘नीट जोडून’ देण्याचे काम, मी दिवसभर संगणकासमोर बसतो या एकाच पात्रतेवर, माझ्याकडे आले. मंडळाच्या प्रमुख काकू देखरेखीसाठी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्यांची पहिली मागणी साधी होती. दुसऱ्या अभंगाच्या अगोदर कोणीतरी खोकले होते, तेवढे काढायचे.

आता गणित पाहा. दीड तास म्हणजे 5,400 सेकंद. माझ्या पडद्यावर टाइमलाइनच्या वाट्याला साधारण 1,500 पिक्सेल येतात, म्हणजे सगळा कार्यक्रम एका नजरेत पाहायचा तर एकेका पिक्सेलमध्ये 3.6 सेकंद कोंबलेले असतात. चुंबकाची ओढ मात्र सेकंदांत नव्हे, तर पिक्सेलमध्ये मोजली जाते. ती दहा पिक्सेलची धरली, तरी 36 सेकंदांच्या टापूत जी कड सापडेल तिच्याकडे माझी खूण धाव घेणार. तशी ती घेतलीच. खोकल्यावर ठेवलेली खूण पहिल्या अभंगाच्या शेवटाला जाऊन बसली, आणि तेथून कापले असते तर खोकल्याबरोबर निवेदिकेने केलेले पाहुण्यांचे स्वागतही गेले असते.

“जाऊ दे की,” काकू म्हणाल्या, “निवेदन लांबलंच होतं.”

यावर उपाय म्हणजे झूम वाढवणे. परंतु माझ्या प्रणालीत झूम होतो तो प्लेहेडभोवती, म्हणजे आपण सध्या कुठे आहोत ते दाखवणाऱ्या उभ्या रेघेभोवती, माउसच्या टोकाभोवती नव्हे, आणि प्लेहेड त्या वेळी शेवटच्या आरतीवर उभा होता. मी चाक फिरवले तसा खोकला पडद्याबाहेर गेला आणि आम्ही आरतीतल्या घंटेच्या एका ठोक्याच्या पोटात शिरलो. आत जावे तसतशी आवाजाच्या तरंगाची भरीव पट्टी विरळ होत जाते, तिची एक बारीक नागमोडी रेघ उरते, आणि त्याहूनही आत गेले की त्या रेघेवर सेकंदाला 48,000 या हिशेबाने घेतलेले आवाजाचे नमुने, म्हणजे त्याची क्षणाक्षणाची मोजमापे, सुट्या ठिपक्यांच्या रूपात दिसू लागतात. “यात खोकला कुठला?” काकूंनी चष्मा वर करून विचारले. पडद्यावर त्या क्षणी सेकंदाचा शंभरावा भागही नव्हता.

खोकला शेवटी सापडला आणि निघाला, पण जागेवर ‘टक्’ असा आवाज ठेवून गेला, कारण तरंग शून्यरेषेवर नसताना कापला की जोड वाजतो.

त्यानंतर चित्र आणि आवाज यांची जुळणी. चित्रीकरणात यासाठी पाटी आपटतात. आमच्याकडे पाटी नव्हती, पण टाळांचा पहिला ठोका होता, आणि तरंगात तो स्वच्छ ओळखू येतो. चित्रपट्टी सेकंदाला 25 फ्रेमची, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची आणि तीत आवाजाचे 1,920 नमुने. टाळ काही फ्रेमची हद्द पाहून वाजत नाहीत. चुंबक मात्र ठोक्याला जवळच्या हद्दीवर नेऊन बसवतो, मग तो 20 मिलिसेकंदांपर्यंत पुढे जावो की मागे. त्यातून तिसरा मोबाइल सभागृहाच्या शेवटच्या रांगेत होता. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, तेव्हा चौदा मीटरवर तो एक फ्रेम उशिरानेच पोहोचतो. त्या मोबाइलचा आवाज रेकॉर्डरच्या आवाजाशी काटेकोर जुळवला, की चित्र एक फ्रेम आधी पळते. हे मी काकूंना समजावून सांगितले. “मागे बसणाऱ्यांचं नेहमी असंच असतं,” असा त्यांनी निकाल दिला.

मात्रांची जाळी, म्हणजे दर मात्रेला एक अशा समान अंतरावरच्या उभ्या रेषा, लावून पाहण्याचा मोहही मला आवरला नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे जाळीत सहज बसावा असा. मिनिटाला 80 मात्रा हे माप दिले, पहिल्या ओळी रेषांवर नेमक्या उतरल्या, आणि मग लय चढू लागली. गजर येईपर्यंत ती 120च्या घरात पोहोचली होती. संगणकाच्या मते संपूर्ण मंडळ चुकले होते. हे मत मी माझ्यापाशीच ठेवले.

चुंबक बंद करायला एक कळ पुरते: प्रीमियर प्रोमध्ये एस, डाविंची रिझॉल्व्ह आणि फायनल कट प्रोमध्ये एन. मात्र अभंगांची नावे मराठीत टाइप करून कळफलक इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच राहिला, की एसच्या कळीवर एकाराची मात्रा असते आणि एनच्या कळीवर ल. माझ्या संगणकावर चुंबक अशा वेळी ढिम्म हलत नाही, आणि ही बातमी तुकडा भलतीकडे चिकटल्यावरच कळते.

अखेर चित्रफीत तयार झाली. एकेका फ्रेमसाठी डोळे शिणवून बसवलेली ती जुळणी काकूंनी आपल्या टीव्हीवर, मुलाने आणून दिलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकली. ब्लूटूथवर आवाज बऱ्याचदा चित्राच्या तीन-चार फ्रेम मागे पडतो. रात्री त्यांचा फोन आला.

“अरे, हात आधी हलतोय आणि टाळ नंतर वाजतोय.”

“काकू, तो स्पीकर वायरने जोडून बघा.”

“वायर सोफ्याखालून न्यावी लागेल. त्यापेक्षा तूच आवाज थोडा अलीकडे घे ना.”