टेस्ट पडली तरी बिल्ड हिरवा कसा?

ऐन लिलावाच्या वेळेला लासलगावच्या व्यापाऱ्याचा फोन: कांद्याचा क्विंटलचा भाव टाकून सेव्ह केलं की फॉर्म कोरा होतोय. आणि इकडे नाशिकला रात्रीचा बिल्ड, म्हणजे कोडची आपोआप होणारी बांधणी आणि तपासणी, हिरवागार, म्हणजे पास! लॉग उघडला तर नेमकी भाव सेव्ह होण्याचीच टेस्ट लाल अक्षरांत पडलेली, आणि सगळ्यात खाली एक्झिट कोड 0, म्हणजे ‘सगळं ठीक’. अरे, मग टेस्ट लिहायच्या तरी कशाला?

टेस्ट चालवतं सायप्रस, ब्राउझरमध्ये वेबसाइट तपासणारं टूल. नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) स्क्रिप्टमध्ये सायप्रस.रन() ला अवेट लावलं, म्हणजे निकाल येईपर्यंत थांबायला सांगितलं, खाली एरर पकडायला कॅच टाकला, झालं काम! बाबांनो, सायप्रस.रन() देतं ते प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या निकालाचं वचन. टेस्ट पडली म्हणून ते रिजेक्ट होऊन कॅचमध्ये जात नाही. रिझॉल्व्हच होतं, म्हणजे सुरळीत पूर्ण होतं. पडलेल्यांचा आकडा रिझल्टच्या टोटलफेल्डमध्ये येतो. तो आपण वाचायचा आणि एक्झिट कोड आपणच 1 करायचा. कमांड लाइनवर चालवलं की एक्झिट कोडचं सायप्रसच बघतं, कोडमधून चालवलं की तुम्ही बघायचं. डॉक्युमेंटेशन उघडायला काय होतं?

त्यावर दुरुस्ती काय आली, तर ‘टोटलफेल्ड शून्याहून जास्त असेल तरच फेल’. डोकंच फिरतं! एकही स्पेक फाइल (टेस्ट लिहिलेली फाइल) सापडली नाही तर टोटलफेल्ड येतच नाही. येतो स्टेटस ‘फेल्ड’ आणि एक मेसेज. नसलेली किंमत, म्हणजे अनडिफाइन्ड, शून्याहून मोठी असते का? नसते. म्हणजे एकही टेस्ट न चालता बिल्ड परत हिरवा! आधी स्टेटस तपासा, मग आकडा.

टेस्टकॅफे या तसल्याच दुसऱ्या टूलचा रनर पडलेल्यांचा आकडा थेट हातात देतो, तर तिथे शेवटी काहीही झालं तरी चालणाऱ्या फायनलीमध्ये क्लोज लिहायलाच विसरतात. मग प्रोसेस टाइमआउटपर्यंत लटकलेली. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या टूलमध्ये, क्रोम मेलं की लगेच ‘रॅम वाढवा’ची ओरड! कंटेनरला शेअर्ड मेमरी मुळात 64 एमबीच मिळते, ती सुरू करतानाच 1 जीबी द्या ना. आणि ते सरसकट ‘वेट 5000’! बटण दिसेपर्यंत थांबायची सोय असताना पाच सेकंद झोपा काढायच्या. मशीन स्लो असलं की तेही पुरत नाहीत, मग म्हणे टेस्ट फ्लेकी आहे, म्हणजे कधी पास कधी फेल, रिट्राय 3 करा, पडली की परत चालवा. खरा बग तिसऱ्या फेरीत पास होऊन व्यापाऱ्याच्या स्क्रीनवर पोचतो.

ती स्क्रिप्ट आजच्या आज नीट करा. मुद्दाम एक टेस्ट पाडा, मग स्पेकचा पाथ चुकवा. दोन्ही वेळा बिल्ड लाल झाला नाही तर मर्जला, म्हणजे कोड मुख्य शाखेत मिसळायला, हात लावायचा नाही.