तलवारही हवी, मंत्रही हवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या कागद-फाशांच्या, पात्र होऊन खेळायच्या खेळात ज्याला तलवार हवी त्याने फायटर घ्यावा, ज्याला मंत्र हवेत त्याने विझर्ड घ्यावा, आणि ज्याला सुखाने जगणं नकोसं झालंय त्याने दोन्ही घ्यावं. मी तिसऱ्या गटातली.

अंगात चिलखत, उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातातून आगीचा गोळा सोडणारा एक गडी कॉलेजपासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. त्याला कागदावर उतरवायचं, एवढंच काम. आमचा अड्डा फोंड्याला एका मैत्रिणीच्या घरच्या सोप्यावर जमतो. यंदाची नवी मोहीम श्रावणात सुरू करायची ठरली, कारण श्रावणात मासे बंद, त्यामुळे रविवारी जेवून कुणी आडवं होत नाही. हा शोध डीएमचा. डीएम म्हणजे खेळ चालवणारा: जग त्याचं, राक्षस त्याचे, आणि वाद झालाच तर निकालही त्याचाच. त्याने फर्मान काढलं, पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम, पहिल्या लेव्हलपासून सुरुवात, 27 पॉइंट.

हे 27 पॉइंट सहा गोष्टींत वाटायचे असतात. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. प्रत्येकीची सुरुवात 8 पासून, आणि एकीला 15 वर न्यायला 9 पॉइंट पडतात. फायटरला ताकद हवी, विझर्डला बुद्धी हवी आणि मार खायला दम तर हवाच. नऊ त्रिक सत्तावीस! हिशेब इतका चोख बसला की मला भरून आलं. उरलेल्या तिन्ही गोष्टी अर्थातच 8 वर.

डीएमने कागद हातात घेतला. "हा बळकट आहे, काटक आहे, हुशार आहे. फक्त जिना उतरताना पडतो, कुणाच्याही थापांना भुलतो आणि याने तोंड उघडलं की माणसं उठून जातात."

"आमच्या ऑफिसात अशालाच मॅनेजर करतात," मी म्हटलं.

पुढचा घोळ क्रमाचा. पहिल्या लेव्हलला फायटर व्हायचं की विझर्ड? आधी फायटर झालात तर जड चिलखत वापरता येतं. आधी विझर्ड होऊन मग फायटर झालात तर हलकं आणि मध्यम चिलखत मिळतं, जड मिळत नाही. म्हणजे माणूस तोच, शिक्षण तेच, पण दाखल्यावर पहिलं नाव कुठल्या शाळेचं आहे त्यावर सगळं. तरी म्हणे आता पुष्कळ सवलती आहेत. 1974 च्या मूळ खेळात एल्फ योद्धाही होऊ शके आणि जादूगारही, पण एका मोहिमेत एकच काय ते. 2003 च्या साडेतीन आवृत्तीत साखळीचं चिलखत घालून मंत्र म्हटला की तो वाया जायची शक्यता 30 टक्के, पूर्ण पोलादी चिलखतात 35 टक्के. पाच टक्क्यांचा तो फरक कुणी आणि कसा मोजला असेल, याचा मी अजून विचार करते.

मी आधी फायटर घेतला. चिलखत आलं, तलवार आली, ढाल आली. आणि तिथेच गाडी रुतली.

बऱ्याच मंत्रांना हातवारे लागतात आणि हातवाऱ्यांना मोकळा हात लागतो. आता 'शील्ड' नावाचा एक मंत्र आहे. घाव अंगावर येताना म्हणायचा, क्षणात अदृश्य ढाल उभी राहते, आर्मर क्लास, म्हणजे घाव चुकवायचा आकडा, पाचाने वाढतो. माझ्या गड्यासाठीच जणू बनवलेला. पण त्याला हातवारे लागतात. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. म्हणजे ढालीचा मंत्र म्हणायचा तर आधी ढाल सोडायला हवी!

यावर उतारा आहे. 'वॉर कास्टर' नावाचं एक खास कसब घेतलं की हात भरलेले असतानाही हातवारे करता येतात. आणि माणूस जातीच्या एका पर्यायी प्रकाराला पहिल्याच लेव्हलला असं एक कसब फुकट मिळतं. मी आनंदाने लिहून टाकणार, तोच डीएमने पुस्तकातल्या तिरक्या अक्षरांच्या ओळीवर बोट ठेवलं. अट: निदान एक तरी मंत्र येत असला पाहिजे. माझा गडी पहिल्या लेव्हलला निव्वळ फायटर. त्याला मंत्र कुठला यायला? आधी विझर्ड घ्यावा तर कसब मिळतं, पण जड चिलखत जातं. चिलखत धरावं तर कसबासाठी, माझ्या बेताप्रमाणे, पाचव्या लेव्हलपर्यंत थांबायचं.

हे सगळं चाललेलं पेडण्याहून आलेला माझा मामा शेजारी बसून ऐकत होता. मामा दशावतारात राजपार्ट करतो. त्याला फोंड्यात काहीतरी काम होतं, ते आटोपून तो मला घरी सोडायला म्हणून आला आणि भजी बघून बसला. त्याने पहिलाच प्रश्न असा विचारला की माझी पेन्सिल थांबली.

"काय गो, तुमच्या या खेळात संवाद लिहिलेले नसतात? आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं?"

"हो."

"आमच्यासारखंच. मग कागदावर एवढं काय लिहितेस?"

मी त्याला हातांची अडचण समजावली. वाटलं, हसेल. मामा गंभीर झाला. "ते खरं आहे हां. युद्ध झाल्याबरोबर पद असलं की जीव जातो. ढाल हातात असली तर हात वर करून तान मारता येत नाही. मी बाकड्यामागे टाकतो ती." दशावतारातलं बाकडं म्हणजे सिंहासनही तेच, डोंगरही तेच, आणि मामाच्या बाबतीत ढाल टाकायची जागाही तीच.

खरं दुखणं मात्र पाचव्या लेव्हलचं. तिथे फायटरला एका डावात दोन वार मिळतात आणि विझर्डला फायरबॉल, आठ सहा-बाजूंचे फासे मूठभर घेऊन फेकायचे, वीस फुटांच्या त्रिज्येत जो असेल तो भाजून निघतो. त्या दिवशी सगळ्यांची दिवाळी. आणि एक लेव्हल फायटर, चार लेव्हल विझर्ड असलेल्या माझ्या गड्याकडे? दुसरा वारही नाही, फायरबॉलही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं म्हणून ते वॉर कास्टर.

पुस्तकात तयार मिश्रणंही आहेत. एल्ड्रिच नाइट म्हणजे फायटरच, तिसऱ्या लेव्हलपासून थोडी जादू शिकणारा. पण त्याला फायरबॉल मिळतो तेराव्या लेव्हलला. आमच्या कुठल्याही मोहिमेने तेरावी लेव्हल पाहिलेली नाही. सहावी-सातवी आली की कुणाचं तरी लग्न ठरतं, नाहीतर कुणीतरी बोटीवर नोकरीला जातो. मग 2017 चा हेक्सब्लेड आहे, जो तलवार ताकदीने नव्हे तर छाप पाडून चालवतो. ऐकायला विनोद वाटतो, पण टेबलावर सगळ्यांना पुरून उरतो. म्हणूनच डीएमने बजावलं होतं, "हेक्सब्लेड आणलास तर वर्षभर भजी तुझ्याकडून."

शेवटी साधा माणूस घेतला. सहाही ठिकाणी एकेक वाढला: 16, 16, 16, 9, 9, 9. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, मोबाइलच्या टॉर्चवर खेळ सुरू झाला. माझ्या गड्याची चपळाई 9, म्हणजे फाशावर उणे एक, त्यामुळे लढाईत पाळी सगळ्यात शेवटी. पहिला गॉब्लिन समोर आला तेव्हा मी तलवार उगारली, फासा टाकला, आणि वार झाडाला लागला.

"मंत्र कधी?" मामाने विचारलं.

"पुढच्या लेव्हलला."

"मग आज हा नुसता शिपाईच?"

डीएमला काय वाटलं कोण जाणे, त्याने मामाच्या पुढ्यात एक कोरा कागद सरकवला. मामा म्हणाला, "मला गाणारा द्या. तलवार जमली तर बघा." असा एक क्लास, म्हणजे फायटर-विझर्डसारखा पेशा, आहेच: बार्ड. गातो, पहिल्या लेव्हलपासून मंत्र म्हणतो, रेपियर नावाची तलवार चालवतो. मामाचा चहा निवायच्या आत गडी तयार. त्याच्याकडे 'व्हिशस मॉकरी' नावाचा मंत्र आला: समोरच्याचा असा पाणउतारा करायचा की त्याला इजा व्हावी. हातवारे लागत नाहीत, नुसतं तोंड.

मामा उठून उभा राहिला. सोप्यावरच्या त्या उजेडात त्याने त्या गॉब्लिनला "अरे अधमा" पासून जी सुरुवात केली, ती त्याच्या कुळाचा, चालीचा आणि कानांचा उद्धार करून थांबली. आतून मैत्रिणीची आजी बघायला आली. आधीच जखमी झालेला गॉब्लिन डीएमने फासा बघून मेलेला जाहीर केला. फासा न बघताही केला असता, असं मला वाटतं.

"आता वाद्य निवडा," डीएम म्हणाला. "बार्ड वाद्याच्या आधारे मंत्र म्हणतो. ल्यूट, बासरी, ढोल…"

"पेटी."

"गुहेत पेटी कोण वाहणार? आणि वाजवताना तलवार कुठे ठेवणार?" माझा आवाज जरा चढलाच होता. हातांचा प्रश्न आता तरी या माणसाला पडेल, अशी आशा होती.

मामाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पेटी मी कशाला वाजवू गो? पेटीवाला वेगळा असतो."

डीएमने खांदे उडवले आणि मामाला रोजंदारीवर एक पेटीवाला देऊन टाकला. सामान्य गावकरी, जीव जेमतेम चार हिट पॉइंट, आर्मर क्लास 10. चपळाईही 10, त्यामुळे लढाईत त्याची पाळी बहुधा माझ्या आधी येते.