धर्मात स्थान आहे, कायद्यात नाही

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की आपल्याकडचे सुशिक्षित लोक एक उत्तर हमखास देतात. हे भांडण मूळचे पाश्चात्त्यांचे. तिकडे चर्चने या लोकांना छळले, आपल्या धर्माने कधी कुणाला हाकलले नाही. शिखंडी, बृहन्नडा, अर्धनारीनटेश्वर ही सगळी आपलीच. आयर्लंडमध्ये राहून हे ऐकताना ते मला अर्धे खरे वाटते, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते खोडून काढणे कठीण जाते.

आयर्लंडमध्ये चर्चचा विरोध कुणाला शोधावा लागत नव्हता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा इथला कायदाही ब्रिटिशांचाच, १८६१ चा, म्हणजे आपल्या दंड संहितेहून एका वर्षाने धाकटा. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते डेव्हिड नॉरिस यांनी त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले आणि मुख्य न्यायाधीशांनी त्यासाठी ख्रिस्ती शिकवणुकीचा आधार उघडपणे घेतला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नॉरिस १९८८ मध्ये जिंकले, तरी कायदा बदलायला १९९३ उजाडले. त्याच देशाने २२ मे २०१५ रोजी सार्वमत घेऊन, ६२ टक्के मतांनी, समलिंगी विवाह राज्यघटनेत मान्य केला.

बिशपांनी त्याआधी विवाहाविषयीची आपली पुस्तिका चर्चमधून वाटली होती. तिला सर्वांत परिणामकारक उत्तर दिले ते श्रद्धावंतांनी. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस स्वतः कॅथलिक आणि चर्चच्या कायद्याच्या अभ्यासक. त्यांचा मुलगा समलिंगी आहे आणि त्यांनी जाहीरपणे बदलाच्या बाजूने प्रचार केला. मतदानाला आठवडा उरला असताना ज्येष्ठ राजकीय पत्रकार अर्सुला हॅलिगन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून आपण समलिंगी असल्याचे सांगितले आणि कॅथलिक म्हणूनच आपण ‘होय’ म्हणणार आहोत, अशी भूमिका मांडली. मागणी नागरी विवाहाची होती आणि कोणत्याही धर्मगुरूवर असा विवाह लावण्याची सक्ती होणार नव्हती. त्यामुळे श्रद्धा आणि मत यांतले एक निवडा, असे मतदाराला कुणी सांगितले नाही. तरीही हा सार्वमताचा मार्ग भारताने घ्यावा असे मी म्हणणार नाही. आपल्याला इतरांसारखे लग्न करता यावे म्हणून शेजाऱ्यांची दारे ठोठावून मते मागत फिरणे हे माझ्या लेखी लोकशाहीचे फारसे सुंदर दृश्य नव्हे. (मी नागरिक नसल्याने त्या सार्वमतात मला मतही नव्हते.)

आपल्याकडे धार्मिक विरोध नाही, हे मात्र खरे नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि ख्रिस्ती संघटना एकाच बाजूला उभ्या होत्या, आणि २०१३ मध्ये ते जिंकले. दंड संहितेच्या कलम ३७७ खाली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा मानणे २०१८ मध्ये संपले, पण विवाहापाशी गाडी पुन्हा अडली. सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये जरासंधाच्या सेनापतींचा, हंस आणि डिंभक यांचा, दाखला देऊन अशी माणसे समाजात पूर्वीपासून आहेत असे सांगितले, तेव्हा अनेकांना दिलासा वाटला. मार्चमध्ये संघाचेच सरकार्यवाह दत्तात्रेय होसबळे यांनी विवाह हा स्त्री-पुरुषांमधला संस्कार असल्याचे सांगून केंद्र सरकारच्या विरोधी भूमिकेला पाठिंबा दिला. मला या दोन विधानांत विसंगती दिसत नाही. समाजात जागा देणे आणि कायद्यात बरोबरी नाकारणे एकाच श्वासात जमते. यल्लम्माच्या जोगत्याला हळदीकुंकवाचा मान मिळतो, पण म्हणून त्याच्या जोडीदाराला वारसाहक्क मिळत नाही.

म्हणून ‘आमच्या धर्मात हे होतेच’ या उत्तरावर आपल्या समलिंगी मित्रमैत्रिणींनी फार विसंबू नये, असे मला वाटते. पुराणातला दाखला ज्याच्या हाती असतो, तोच त्याची मर्यादाही ठरवतो. समलिंगी विवाहाच्या मान्यतेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर भर दिला, ते योग्यच होते, कारण त्या कायद्यात ना सप्तपदी आहे ना निकाह, आणि व्यक्तिगत कायद्यांत आपण शिरणार नाही हे न्यायालयानेही सुनावणीतच स्पष्ट केले होते. तरीही हिंदू संतांच्या संत समितीपासून जमियत या मुस्लिम संघटनेपर्यंतचे लोक विरोधात उभे राहिले. ज्या नोंदणीत त्यांच्या विधींचा संबंधच येत नाही, तिथे त्यांचा आक्षेप कशावर आहे, हा प्रश्न आपल्या चर्चांमध्ये पुरेसा विचारला गेला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि समलिंगी जोडप्यांच्या अडचणी कॅबिनेट सचिवांच्या समितीकडे सोपवल्या. त्यानंतर संयुक्त बँक खाते उघडण्यास आडकाठी नाही, असा खुलासा २०२४ मध्ये झाला. डब्लिनमध्ये रीतसर लग्न केलेले दोघे पुण्यात आले तर असे खाते त्यांना उघडता येईल. भारतीय कायद्याच्या नजरेत मात्र ते एकमेकांचे कोणीच नसतील.